फुगडी, शिगमा आणि रक्तातली साखर

मधुमेह झाल्यावर नाचायचे की नाही, हा प्रश्न कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की हमखास निघतो. काळी नदीच्या खोऱ्यातल्या या जंगलभागात नाच ही लांबून बघायची गोष्ट नाही, सणाला स्वतः करायची गोष्ट आहे. गणपतीपुढे बायकांची फुगडी रात्री उशिरापर्यंत रंगते. फाल्गुनात शिगमा आला की पुरुष ढोलाच्या ठेक्यावर नाचत फिरतात. शेजारच्या हल्याळ आणि यल्लापूर भागांतल्या सिद्दींमध्ये डमाम वाजू लागला की म्हातारी माणसेही फेरात शिरतात. अशा मुलखात एखादीला ‘तुला शुगर आहे, तू बस’ असे सांगणे म्हणजे तिला सणातूनच उठवणे होय.

तसे सांगायची गरज नाही. मधुमेह असलेल्या माणसाला नाचता येते आणि बहुतेकांनी नाचावेच. फुगडीपेक्षा कितीतरी कठोर शिस्तीच्या नृत्यातही हे दिसून आले आहे. न्यूयॉर्क सिटी बॅले या जगप्रसिद्ध संस्थेतील नर्तकी झिपोरा कार्झ हिला वयाच्या २१ व्या वर्षी मधुमेह निघाला. आधी तो टाइप २ समजला गेला, पुढे टाइप १ असल्याचे कळले. इन्सुलिनची इंजेक्शने घेत ती त्याच संस्थेत नाचत राहिली आणि एकल भूमिका करणारी नर्तकी झाली. ‘द शुगरलेस प्लम’ हे तिचे आत्मकथन २००९ साली आले.

धोका मात्र आहे, आणि तो कुठे आहे हे नीट ओळखावे लागते. प्रत्यक्ष नाचाच्या अर्ध्या तासात तो त्या मानाने कमी असतो. नाचाआधीचा उपास, नाचानंतरची झोप, अनवाणी पाय आणि दवाखान्यापासूनचे अंतर या चार ठिकाणी तो जास्त असतो.

१. एक चमचा साखर आणि तिचा साठा

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते. साखरेचे प्रमाण नेहमीचे, म्हणजे दर १०० मिलीलिटरला १०० मिलिग्रॅम असेल, तर या सगळ्या रक्तात मिळून साखर भरते अवघी पाच ग्रॅम. म्हणजे जेमतेम एक चमचा. मेंदू आणि स्नायू सतत तिच्यातून उचल करत असतात, तरीही ती संपत नाही, कारण मागे यकृताचा साठा असतो. पोटभर जेवलेल्या माणसाच्या यकृतात सुमारे शंभर ग्रॅमपर्यंत साखर साठवलेली असते.

गणेशगुडीजवळच्या सुपा धरणाचे जे काम, तेच यकृताचे. पावसात काळी नदीचे पाणी अडवायचे आणि खाली नागझरीच्या वीजघराला लागेल तसे वर्षभर सोडायचे. जेवणानंतर यकृत साखर अडवते. दोन जेवणांच्या मधल्या वेळेत, झोपेत आणि श्रमाच्या वेळी ती थोडी थोडी सोडते. दरवाजा कधी उघडायचा आणि कधी बंद करायचा, याचा हुकूम हार्मोन देतात. इन्सुलिन दरवाजा मिटवते. ग्लुकागॉन आणि अॅड्रेनलिन तो उघडतात.

निरोगी माणूस नाचू लागला की त्याच्या शरीरातले इन्सुलिन आपोआप कमी होते, दरवाजा उघडतो, आणि स्नायूंनी उचललेली साखर भरून निघते. इंजेक्शनने घेतलेल्या इन्सुलिनला हे कळत नाही. सकाळी किंवा तासाभरापूर्वी टोचलेली मात्रा माणूस बसला आहे की गिरक्या घेतो आहे हे न पाहता आपले काम करत राहते. दरवाजा मिटलेलाच राहतो आणि खाली उपसा वाढतो. त्यातच आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनवाचूनही रक्तातली साखर आत ओढून घेऊ शकतो. त्यामुळे टोचलेले इन्सुलिन आणि नाच एकत्र आले की साखर दोन्हीकडून खेचली जाते.

२. सगळे नाच सारखे नसतात

शिगम्याचा नाच तासन्‌तास, मध्यम वेगाने चालतो. असा लांबलेला नाच साखर उतरवतो. याउलट फुगडीचा एकेक फेर मिनिटभराचाच, पण पूर्ण ताकदीचा असतो. दोघी हात घट्ट धरून मागे झुकतात आणि वेग वाढवत नेतात. अशा छोट्या, जोरकस श्रमात अॅड्रेनलिन उसळते आणि यकृताचा साठा मोकळा होतो. त्यामुळे फुगडी संपताच साखर मोजली तर ती आधीपेक्षा वाढलेलीही दिसू शकते. बॅलेमध्येही हेच दोन प्रकार भेटतात. कठड्याला धरून केलेला संथ सराव साखर हळूहळू खाली आणतो, तर उड्यांचा भाग तिला तात्पुरते वर नेतो. प्रयोगाच्या दिवशी नुसत्या धास्तीनेही ती वाढते. एरवी सरावात उतरणारी साखर प्रेक्षकांसमोर चढली, तर त्यात विचित्र काही नाही.

फुगडीनंतर आलेला मोठा आकडा पाहून लगेच जादा इन्सुलिन टोचणे ही यातली सर्वांत घातक चूक. अॅड्रेनलिनचा भर ओसरतो, स्नायू आपला रिकामा झालेला साठा भरू लागतात, आणि जादा टोचलेले इन्सुलिन नेमके मध्यरात्री जोर धरते.

३. कोणाला किती धोका

मधुमेहाच्या सर्वच औषधांनी साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरत नाही. एकटी मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्याला नाचताना सहसा हा त्रास होत नाही. अशा माणसाने गाठीला साखर बांधून फिरण्याचे कारण नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडतात, मग पोटात अन्न असो वा नसो. या गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी पुढचा सगळा भाग स्वतःसाठी समजावा. गोळीच्या पाकिटावरचे मूळ औषधाचे नाव पाठ असणे इथे फार उपयोगाचे पडते. ‘पांढरी छोटी गोळी’ एवढ्या वर्णनावरून डॉक्टरलाही काही ठरवता येत नाही.

डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात आणि सोबत पाणीही जाते. फाल्गुनातल्या उन्हात नाचणाऱ्याने त्या घेत असल्यास पाणी पिण्यात कसूर करू नये, आणि कडक उपासाच्या दिवशी त्या घ्याव्यात की नाही हे आधीच विचारून ठेवावे.

४. नाचाआधीची मोजणी

ग्लुकोमीटरने बोटावरच्या थेंबात साखर मोजायला मिनिटही लागत नाही. नाचाआधीचा आकडा ९० च्या खाली असेल, तर आधी १५ ते ३० ग्रॅम पिष्ट पोटात जावे आणि मग फेरात शिरावे. मध्यम आकाराच्या एका केळ्यात साधारण २५ ग्रॅम मिळते. लांबलेल्या नाचासाठी सुरुवातीचा आकडा १२५ ते १८० च्या दरम्यान असला तर बरे. २५० च्या वर आकडा असेल, विशेषतः टाइप १ असेल, तर केटोनची तपासणी करावी. केटोन वाढलेले असणे म्हणजे शरीरात इन्सुलिनच कमी पडते आहे. अशा वेळी श्रम केल्याने साखर आणखी चढते. त्या रात्री नाच नाही, उपचार हवा. आकडा मोठा आहे, पण केटोन नाहीत आणि माणसाला बरे वाटते आहे, तर हलका नाच चालतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, टाइप १ मधुमेह असलेली सोळा वर्षांची मुलगी आहे, वजन ५० किलो. रात्री आठला जेवण, नऊला फुगडी. जेवणाआधी टोचलेल्या जलद इन्सुलिनचा जोर पहिल्या एक-दोन तासांत सर्वाधिक असतो, म्हणजे नेमका फुगडीच्या वेळी. अशा संध्याकाळी त्या जेवणाची मात्रा कमी करण्याची पद्धत आहे. किती कमी करायची, चतुर्थांश की निम्मी, हे तिच्या डॉक्टरने आधी लिहून द्यायचे असते. इंजेक्शन मांडीत न घेता पोटावर घ्यावे, कारण राबणाऱ्या स्नायूजवळचे इन्सुलिन लवकर शोषले जाते. नऊ वाजता आकडा ११० आला. ९० च्या वर आहे, पण दीड तास खेळायचे आहे आणि इन्सुलिन अजून चालू आहे. म्हणून अर्धे केळे खाऊन तिने सुरुवात करावी, अर्ध्या तासाने पुन्हा मोजावे. आकडा ९५ वर आला तर उरलेले केळे खावे. १५० असेल तर नुसते पाणी प्यावे. दोन-तीन सणांचे असे आकडे वहीत उतरले की तिचा स्वतःचा नियम तिला सापडतो. तो दुसऱ्या कोणाला लागू पडेलच असे नाही.

५. उपास, गोळी आणि जागरण

जोयड्यात आणि एकूणच कोकण-गोव्याच्या पट्ट्यात सर्वांत काळजीची जागा ही आहे. चवथीच्या आदल्या दिवशी हरतालिका. पुष्कळ बायका दिवसभर उपाशी राहतात, काही पाणीही घेत नाहीत, आणि त्याच दोन दिवसांत घराची सारवण, नैवेद्याचा स्वयंपाक आणि रात्रीची फुगडी सगळे येते. महाराष्ट्रात श्रावणातल्या मंगळागौरीच्या जागरणाची घडणही अशीच. उपासाचा दिवस सरत येतो तेव्हा यकृतातला साठा तळाला गेलेला असतो. मग दरवाजा उघडला तरी सोडायला फारसे काही उरलेले नसते.

उपास आहे म्हणून जेवण चुकते. गोळी मात्र सवयीने घेतली जाते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी सकाळी रिकाम्या पोटी गेली आणि रात्री फुगडीचा फेर धरला, तर साखर कोसळायला एवढे पुरते. काही घरांत याच्या उलट घडते: उपास म्हणून इन्सुलिनच बंद. टाइप १ मध्ये हे जिवावर बेतू शकते, कारण दिवसभर पुरणारे पायाभूत (बेसल) इन्सुलिन जेवत नसतानाही लागतेच. म्हणून सणाच्या आठ दिवस आधी डॉक्टरला एवढेच विचारावे: उपासाच्या दिवशी कोणती गोळी गाळू, कोणती निम्मी करू, आणि इन्सुलिनचे काय करू?

निर्जळी उपास आणि रात्रीचा नाच ही जोडी इन्सुलिन किंवा वर सांगितलेल्या गोळ्या घेणाऱ्या माणसासाठी नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. दोहोंपैकी एक निवडावे. फराळाचा उपास असेल तर साबुदाण्याच्या खिचडीवर सगळा भार टाकू नये. ती साखर झपाट्याने वर नेते. जोयड्याच्या कुणबी घरांत कंद मुबलक असतात. मुडली, कणंग, सुरण, रताळी उकडून दह्याबरोबर किंवा शेंगदाण्यांबरोबर खाल्ली तर पोट अधिक वेळ धरून राहते. कंद म्हणजे मधुमेहाचे औषध अशी समजूत मात्र करून घेऊ नये. त्यांतही पिष्ट भरपूर आहे आणि ते मोजूनच खायचे असते.

शिगम्यात उपास नसतो, पण दारू असते. यकृत दारूचा निचरा करण्यात गुंतले की साखर नव्याने तयार करण्याचे काम मागे पडते. काजूच्या हंगामात उर्राक किंवा फेणी घेऊन, न जेवता, तासन्‌तास नाचलेला इन्सुलिनवरचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी बेशुद्ध सापडू शकतो. सोबत्यांना वाटते, उतरायची आहे अजून. मधुमेह असलेल्या माणसाच्या बाबतीत असे गृहीत धरून त्याला झोपू देणे फार महागात पडते. आधी साखर मोजावी.

६. घाम नाचाचा की साखरेचा?

साखर ७० च्या खाली गेली की घाम फुटतो, छाती धडधडते, हात कापतात, भूक लागते. फुगडीतही घाम येतो आणि छाती धडधडते. म्हणजे इशारा देणारी चिन्हे नाचातच लपून जातात. फुगडीच्या गिरकीने आलेली भोवळ मिनिटभर स्वस्थ बसले की सहसा जाते. साखरेमुळे आलेली चक्कर बसूनही जात नाही. ओठांभोवती मुंग्या येणे, ठरलेला ताल चुकणे, उगाच चिडणे, बोलणे अडखळणे, विचारलेले न कळणे ही चिन्हे अधिक भरवशाची, आणि ती स्वतःपेक्षा जोडीदारणीच्या आधी लक्षात येतात. म्हणून फेरातल्या निदान दोघींना तरी आपला मधुमेह माहीत असावा. रक्तदाबासाठी अॅटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर धडधड आणि कंप दबून जातात, घाम तेवढा राहतो.

संशय आला की थांबावे. मोजायला यंत्र नसेल तर साखर उतरली आहे असे धरूनच चालावे. १५ ग्रॅम जलद साखर द्यावी: तीन-चार लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून, किंवा तेवढीच ग्लुकोजची पूड. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. ७० च्या वर आली नसेल तर पुन्हा तेवढीच द्यावी. वर आल्यावर थोडा भात किंवा भाकरी खाऊ घालावी. सणाच्या घरात हाताशी मोदक, नेवऱ्या आणि लाडू असतात आणि पहिला हात त्यांच्याकडेच जातो, पण त्यांतले खोबरे, तूप आणि तेल साखरेचे शोषण लांबवतात. प्रसाद नंतर. आधी साखरेचे पाणी.

माणूस गिळू शकत नसेल किंवा शुद्धीत नसेल, तर तोंडात काहीही घालू नये. पाणी, मध काहीच नाही. ते श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवून १०८ क्रमांकाला फोन करावा. जोयडा तालुक्यात वाड्या विखुरलेल्या, रस्ते जंगलातले आणि फोनला रेंज मिळेलच असे नाही. रुग्णवाहिकेची वाट पाहत बसण्यापेक्षा गावातली गाडी काढून ती पुढे भेटेल तिथपर्यंत निघणे अनेकदा लवकरचे ठरते. तालुक्याचे रुग्णालय जोयड्यात आहे. तालुक्याच्या कडेच्या गावांना दांडेली किंवा बेळगावकडे जाणे सोयीचे पडते. कुठल्या गाडीने, कोणत्या वाटेने जायचे, हे सणाआधी ठरलेले असावे.

७. नाच संपल्यानंतरची रात्र

रिकामे झालेले स्नायू आपला साठा भरून काढायला चोवीस तासांपर्यंत घेतात. एवढा वेळ ते रक्तातली साखर नेहमीपेक्षा जास्त ओढत राहतात. संध्याकाळी किंवा रात्री नाचलेल्या माणसाची साखर त्यामुळे पहाटे उतरू शकते, आणि झोपेत चिन्हे जाणवत नाहीत. सकाळी डोके ठणकणे, कपडे घामाने भिजलेले असणे, रात्रभर वाईट स्वप्ने पडणे ही साखर उतरल्याची मागे राहिलेली खूण.

इन्सुलिन घेणाऱ्याने नाचानंतर झोपण्यापूर्वी मोजावे. आकडा ११०-१२० च्या आत असेल तर दूध-पोळी किंवा मूठभर शेंगदाण्यांसोबत एक केळे असे काही खाऊन झोपावे. रात्रीच्या पायाभूत इन्सुलिनची मात्रा अशा दिवशी सुमारे पाचव्या हिश्शाने कमी करण्याचा सल्ला डॉक्टर बऱ्याचदा देतात. तो आधी घेऊन ठेवावा. लहान मुलांच्या बाबतीत घरच्यांनी पहाटे दोन-तीनच्या सुमारास एकदा मोजणे इष्ट. चवथीचे पाच-सात दिवस रोज फुगडी असते, म्हणून पहिल्या रात्रीपेक्षा तिसऱ्या-चौथ्या रात्री साखर अधिक सहज उतरते, हेही ध्यानात असू द्यावे.

८. अनवाणी पाय

बरीच वर्षे मधुमेह असलेल्या माणसाच्या पायातली संवेदना हळूहळू जाते. दुखणे थांबते म्हणून माणूस निर्धास्त होतो. खरे तर तिथूनच काळजी सुरू व्हायला हवी. बॅलेचा चवड्यावर उभे राहायचा बूट कापड, कागद आणि खळ यांच्या थरांनी कडक केलेला असतो. त्यात बोटे आवळली जातात, फोड येतात. संवेदना शाबूत असलेल्या नर्तकीला ते कळते आणि ती थांबते. संवेदना गेलेली थांबत नाही.

फुगडी सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर, शिगमा जांभ्या दगडाच्या खडीवर नाहीतर तापलेल्या डांबरावर, आणि दोन्ही बहुधा अनवाणीच. खडा, काटा, चटका काहीही लागले तरी कळत नाही. चवथीच्या दिवसांत पावसाने बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतात आणि त्यातून जंतू आत शिरतात. दवाखान्यात नायलॉनचा बारीक तंतू तळपायाला टेकवून संवेदना तपासतात. ही तपासणी वर्षातून एकदा सर्वांनी करून घ्यावी. तीत संवेदना कमी निघाली तर अनवाणी नाचू नये. मऊ तळाचे, बोटांना ऐसपैस जागा असलेले बंद बूट सुती मोज्यांवर घालावेत. देवासमोर पादत्राणे नकोत असे घरात असेल, तर धुतलेले जाड मोजे तरी असावेत, मात्र गुळगुळीत फरशीवर ते घसरतात म्हणून खाली चटई किंवा जाजम अंथरावे. पायावर उघडी जखम असेल तर त्या वर्षी टाळ्या वाजवून गाणी म्हणावीत; फेर धरू नये.

नाच झाल्यावर तळपाय उजेडात पाहायचे. वाकता येत नसेल तर आरसा धरायचा किंवा घरातल्या कोणाला तरी पाहायला सांगायचे. थकलेले पाय कढत पाण्यात बुडवून शेकण्याची सवय इथे घात करते. पाण्याचा ताव कोपराने पाहावा, पायाने नव्हे. एक पाय अचानक लाल, गरम आणि सुजलेला दिसला, दुखत नसला तरी, त्या पायावर भार न देता दुसऱ्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

९. डोळे आणि इन्सुलिनची कुपी

डोळ्यांबद्दल थोडक्यात. मधुमेहाने पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या फुटल्या असतील, तर उड्या, झटके आणि जोराच्या गिरक्या यांनी आत रक्तस्राव होऊ शकतो. अशांनी उपचार पूर्ण होऊन नेत्रतज्ज्ञाने होकार देईपर्यंत फुगडी टाळावी. वर्षातून एकदा पडदा तपासून घेतला की हे वेळीच कळते.

सणासाठी माहेरी किंवा दुसऱ्या गावी जाताना इन्सुलिन कसे न्यावे, हा शेवटचा मुद्दा. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसला, म्हणजे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात राहते. बर्फाच्या कप्प्यात गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक वाटले तरी फेकून द्यायचे असते. वापरात असलेली कुपी किंवा पेन बहुतेक प्रकारांत साधारण २५ ते ३० अंशांखाली चार आठवडे टिकते. वीज वारंवार जाणाऱ्या वाडीत मातीचा डेरा उपयोगी पडतो. मोठ्या, साध्या भाजलेल्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात झाकणाचे लहान मडके आणि त्यात कोरड्या पिशवीत कुपी; वाळू दिवसातून दोनदा भिजवायची आणि मडके सावलीत, वाऱ्याच्या जागी ठेवायचे. पावसाळ्यातल्या दमट हवेत मडके उन्हाळ्याइतके थंडावत नाही, हे चवथीला लक्षात ठेवावे. प्रवासात कुपी गाडीच्या टपावर, डिकीत किंवा काचेजवळ ठेवू नये. अंगाजवळच्या पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळून, फडके आणि कुपी यांच्यामध्ये प्लास्टिकची पिशवी घालून न्यावी. जलद इन्सुलिन पाण्यासारखे स्वच्छ असते. ते गढूळ दिसले किंवा कुठल्याही कुपीत हलवूनही न मोडणाऱ्या गुठळ्या आढळल्या, तर ती कुपी वापरू नये आणि जवळच्या दवाखान्यातून दुसरी घ्यावी.